अर्धा आटा

फागण्याच्या अलीकडं खड्डा लागला
तेव्हा आइसबॉक्समधल्या सव्वीस नळ्या एकदम खणखणल्या.
फुटली एकही नाही.
डाव्या चाकाचंच काहीतरी बिनसलं.

धुळ्यात अलाइनमेंट करून घेतली.
चारी चाकांना आरसे टांगले, पडद्यावरचे आकडे
लालाचे हिरवे झाले, कागद छापून मिळाला.
गाडी आता नाकासमोर चालते.
फक्त स्टिअरिंग डावीकडं कललेलं,
बारा वाजायच्या जागी अकरा.
पोरगा म्हणाला, सवय होईल, मॅडम.

झाली की.
तीन आठवडे धुळे, पारोळा, अमळनेर,
सरळ रस्त्यावर वळणाचे हात धरून बसले.
दोन्ही अंगांना कपाशी, आणि हॉर्नवरचं कंपनीचं चिन्ह
मान टाकून झोपलेलं.
कुमुदवन्सं म्हणाल्या, खांदा का गं उतरलाय तुझा?
मी भिंतीवरचं कॅलेंडर सरळ केलं.

पारोळ्याच्या बायपासला दगा मिस्त्री.
आधीची तीन दगावली म्हणून आईनं ठेवलेलं नाव.
पाटीवरही तेच, मोठ्या अक्षरात, दगा ऑटो,
आणि अख्खा तालुका त्याच्याकडं गाडी टाकून
निर्धास्त बाजाराला जातो.

मला उठवून तो स्वतः बसला.
म्हसवे फाट्यापर्यंत नेऊन आणली, मधे हात सोडून.
"गाडी सरय जास, ताई.
चाक काढीसन बसाडानं नई. खोड खाले शे."

मग चाक बरोबर मध्यात आणलं
आणि बायकोच्या जुन्या लुगड्याच्या काठानं
सीटला करकचून बांधलं,
सुई टोचताना पोराचा दंड धरावा तसं.
खाली शिरला. वर उरले दोन पाय,
टाचांच्या भेगांत ग्रीस.
"इकडथीन अर्धा आटा सोड," स्वतःलाच सांगत होता,
"तिकडथीन अर्धा आवय."
एका बाजूला जेवढं दिलं
तेवढंच दुसरीकडून काढायचं,
नाहीतर चाकं एकमेकांकडं बघायला लागतात
किंवा रुसून तोंडं फिरवतात.

हे मला सांगायला नको होतं.
माझ्या फिरत्या मशीनमध्ये मीही रोज
एका नळीसमोर तेवढ्याच वजनाची दुसरी ठेवते,
रक्त नसेल तर नुसतं पाणी भरून.
विसरले एकदा, तर टेबल चालत दारापर्यंत गेलं होतं.

पहिल्यांदा जास्त झालं, चाक उजवीकडं.
दुसऱ्यांदा कमी पडलं.
तिसऱ्यांदा खडूची रेघ मारून तो खाली गेला
आणि तिथूनच म्हणाला, "व्हयनं."
दीडशे रुपये. चहा त्याचाच.

निघाले,
तर गाडी डावीकडं, थेट कडेच्या मुरमात.
मागून दगा ओरडला, "हात, ताई, हात!"
चाक कधीच बारावर आलं होतं.
अकरा माझ्या मनगटात वाजत होते.

मग अमळनेरपर्यंत वीस-पंचवीसच्या वेगानं,
मागच्या ट्रॅक्टरच्या शिव्या खात,
बोरीच्या पुलावर
आता दुसराच खांदा दुखायला लागला.

बॉक्समध्ये आज एकोणीस नळ्या, सगळ्या उभ्या.
एकीच्या चिठ्ठीवर माझ्याच अंगठ्याचं ग्रीस.
ती काढली, नवी चिकटवली,
पेन सरळ धरून पुन्हा लिहिलं:
हिराबाई नथ्थू वाणी, वय बावन्न, उपाशीपोटी.