रुळाचा तुकडा

स्मरणिकेसाठी चार पानं लिहून द्या,
पंच म्हणाले. फोटो आपल्याकडं तीनच,
तिन्हींत टोपीवाला साहेब मधोमध
आणि कडेला अर्धी कापली गेलेली माणसं.

मी पेटीतलं रजिस्टर काढलं.
वाळवीनं लग्नं खाल्लीत,
बाप्तिस्मे निम्मे,
मरणं मात्र सगळी शाबूत.

मोठ्या दुष्काळात
बोरखडीच्या शिवारातून रेल्वेचा भराव चालला होता.
सात बिऱ्हाडं खडी फोडायला आली,
घाटविसाव्यांचं, ढिलप्यांचं, दोन डोलसांची,
बाकीच्यांना आडनावं
नंतर मिळाली.

कुणी म्हणतं पाळकानं वळवलं, कुणी म्हणतं भाकरीनं.
माझा पणजा फकिरबा (पुस्तकात पेत्र)
म्हणायचा म्हणे,
"भाकर तर खडी फोडूनबी मिळत व्हती.
तिथं घागरीला हात लावू दिला,
म्हणून बसलो."

गावचा गवंडी येईना.
सुंद्राबाईनं चुना मळला,
गूळ घालून, बेलाचा गर घालून,
तान्हं पाठीशी बांधून.
तिच्या नावापुढं एक आंगठा
आणि 'मजुरी घेतली नाही'.

चार पानांनी तेच तान्हं
मरणांच्या रकान्यात. वय महिने आठ.
नाव ठेवायचं राहून गेलेलं.
पाळकानं जागा कोरी सोडली नाही,
लिहिलं: चुन्यातलं लेकरू.

घंटा कुठली? मुकादमाला दोन कोंबड्या देऊन
रुळाचा तुकडा मिळवला,
लिंबाला टांगला.
पहिल्या रविवारी गावाला वाटलं
मालगाडी घसरली.
धावत आले,
तर आत माणसं टाळ धरून गात बसलेली.
पाटलाचे गडी दारातच थबकले,
चपला काढाव्या की नाही
कळेना त्यांना.

साहेबाची खरी घंटा सत्तावीस साली आली,
दुधनेच्या गाळात दोन दिवस गाडी रुतली तिची.
रझाकारांच्या साली ती कडब्याच्या गंजीत लपवली,
पोलीस ॲक्शननंतर काढली
तर आत उंदरांची पिल्लं.
पुढं एका नाताळाला पोरांनी
जरा जास्तच हौसेनं बडवली.
तडकली.

आता परत रूळच.
नऊ वाजता थोमाकाका ढिलपे हातोडी घेऊन येतात.
निम्मी मंडळी पुण्याला, वाळूजला,
फोनवर विचारतात, उपासना लागली का?
काका बोलत नाहीत,
फोन रुळापाशी धरतात
आणि दुसऱ्या हातानं ठोकतात.

लेखात स्थापनेची तारीख हवी,
संस्थापकाचं नाव हवं, छायाचित्रासह.
तारीख लिहिली.
नावाच्या जागी बरीच खाडाखोड केली.
शेवटी सुंद्राबाईच्या आंगठ्याची
झेरॉक्स काढून चिकटवली.

काल परतूरहून छापखान्यातल्या पोराचा फोन:
तिसऱ्या पानावर शाईचा डाग आलाय, मॅडम,
काढून टाकू?