अर्धा युनिट

चौतीस वर्षं मी रास्ता पेठेतले मीटर वाचले.
जिन्याखालचे, कोळिष्टकांतले, चपलांच्या रॅकमागचे.
माणसं मला नावांनी कमी, आकड्यांनी जास्त आठवतात.
तारांवर टाकलेले आकडेही काढले,
रात्री, शिडी लावून, शिव्या खात.

म्हणून तर ती पोरं माझ्याकडे आली.
दर डिसेंबरात तीन रात्री
पॉवर हाऊसमागच्या गल्लीत ती उजेड मांडतात:
गोदामाच्या भिंतीवर पोहणारे मासे,
डांबरावर निळी नदी,
जी लहान मुलं चप्पल हातात घेऊन ओलांडतात,
बंद छापखान्याच्या शटरवर
खिळे जुळवावेत तशी एकेक अक्षराने उमटणारी बाराखडी.
"काका, एवढंच करा,
घराघरांतून अंधार गोळा करून द्या."

वर्गणी मागितली आहे मी, थकबाकी मागितली आहे.
अंधार पहिल्यांदाच मागत होतो.
सॅम्युअल रोहेकरांनी लगेच दिला, वर चहाही.
परवीनबाईंनी विचारलं, फ्रिज चालेल ना?
तिसऱ्या मजल्यावरच्या एमपीएससीच्या पोरांनी
पुस्तकं मिटायचं वचन दिलं
आणि फार आनंदाने पाळलं.

अडले फक्त घड्याळवाले.
आडनाव काळोखे, आणि नेमका तोच द्यायला हात आखडता.
डोळ्यावरचं भिंग न काढता म्हणाले,
"हेअरस्प्रिंग अंधारात बसत नाही.
तुमचा उत्सव होईल आणि जाईल,
गिऱ्हाईक शनिवारी घड्याळ मागणार."

पहिल्या रात्री सातला गल्ली विझली.
मला वाटायचं, अंधार म्हणजे काही नसणं.
पण तो भरत गेला, टाकीत पाणी भरतं तसा, आवाज करत:
कुणाचा कुकर, कुणाचा खोकला,
जिन्यात शोधणारं एखादं पाऊल.
आणि मधोमध काळोख्यांची चार बाय सहाची टपरी,
चाळीसचा बल्ब, वाकलेली मान,
चिमट्याच्या टोकाला डासाच्या पायाएवढं काहीतरी.

मासे पाहून परतणारी माणसं तिथे थबकू लागली.
मग रांग झाली.
एका मुलीने दबक्या आवाजात विचारलं,
"याला आवाजपण आहे का?"
होता. भिंतीवरची सत्तावीस घड्याळं,
एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही.
कुणीतरी अभिप्रायाच्या वहीत लिहिलं,
सतरावी कलाकृती सर्वांत आवडली.
पोरांनी सोळाच मांडल्या होत्या.
काळोखे मान वर न करता म्हणाले,
"उजेड अडवू नका."

तिसऱ्या रात्रीपर्यंत त्यांनी अकरा सेल बदलले,
दोन पट्टे विकले,
एका बाईंना तोंडावर सांगितलं,
हे फेकून द्या, उगीच जपताय.
पोरं म्हणतात, पुढच्या वर्षी पत्रिकेत नाव छापू.
काळोखे म्हणतात,
आधी दारापुढच्या गटाराला झाकण बसवा.

चौथ्या दिवशी सकाळी, निव्वळ सवयीने,
मी जिन्याखाली वाकून त्यांचा मीटर पाहिला.
दिवसभर ते दारातल्या उन्हात काम करतात;
खर्च काय तो रात्रीचाच.
पहिल्या संध्याकाळी पाहिला होता तोच आकडा.
तीन रात्री माणसं ज्याच्यापुढे रांगेत उभी होती
तो सगळा उजेड मिळून पुरता युनिटही नव्हता.
शेवटचं चाक तेवढं तिरकं झालेलं,
चार आणि पाचाच्या मधे अडलेलं.

अशा वेळी मागचाच आकडा लिहायचा,
असा आमचा नियम.
मी खिसा चाचपला.
पेन नव्हतं.
बरंच झालं.