प्रश्न अकरावा

पारोळ्यात हायवेला, एरंडोलकडे तोंड करून
माझं पंक्चरचं दुकान.
जुन्या टायरवर चुन्यानं लिहिलंय: हवा, ट्यूबलेस, पाणी.
'पाणी' सायमानं नंतर घातलं.
माणसं उन्हात ताटकळतात म्हणाली.

वीस वर्षं गाड्या मी खालूनच बघितल्या.
जॅकवर, तीन पायांवर उभी गाडी
म्हणजे दवाखान्यात आलेलं माणूस,
सगळं खरं सांगून टाकतं.

आता जुनी ओम्नी घेतलीय.
अडकलेल्यांकडे आपणच जावं म्हणून.
पण आधी लर्निंग, आणि लर्निंगच्या आधी हे पुस्तक.
मी पोळ्या लाटते, सायमा विचारते.
लाल गोल? करू नको.
निळा गोल? केलंच पाहिजे.
लाल त्रिकोण? जपीसन.
"अम्मी, जपीसन काय, सावध म्हण."
एकच की गं ते.

पुढच्या गाडीपासून अंतर किती?
दोन सेकंद. मीटर नाही, हात नाही, सेकंद.
ती खांब ओलांडते तिथून मोजायचं,
एक हजार एक, एक हजार दोन.
दुकानात बसून मी मोजत राहते.
केळीचे ट्रक मोजत नाहीत,
एकाच्या शेपटीला दुसऱ्याचं नाक.
ओव्हरटेक करताना मान बाहेर काढून ओरडतात,
"रस्ता तुना बापना शे का?"
पुस्तकातही तेच आहे, जरा सभ्य भाषेत.

एक नियम मात्र मी दोनदा वाचायला लावला.
अरुंद चढावर, जो चढतो आहे
त्याला आधी जाऊ द्यावे.
कुण्या साहेबानं हे टेबलाशी बसून लिहिलं असेल!

जळगावला जाताना बांभोरीच्या पुलावरून
गिरणा बघितली. पाण्यापेक्षा वाळू जास्त.
तोंडानं चिन्हं घोकत होते,
शेजारची बाई सरकून बसली.

"हमीदाबी रज्जाक पिंजारी."
खुर्ची, पडदा, कोपऱ्यात उलटं पळणारं घड्याळ.
पंधरा प्रश्न, नऊ बरोबर हवेत.
दहापर्यंत बोट झरझर चाललं.

अकरावा: टायरची नक्षी पूर्ण झिजली असल्यास
अ) वेग कमी ठेवाल
ब) हवा कमी कराल
क) टायर बदलाल

दोन वर्षांपूर्वीचा चैत्र, पांढरी तवेरा,
लग्नाची माणसं, टपावर पितळी घागर बांधलेली.
मागचं डावं टायर पार गोटा,
आतला धागा बोटाला लागत होता.
"मावशी, मुक्ताईनगरपर्यंत टिकू दे फक्त."
आतून गेटर लावला, दीडशे घेतले.
खिडकीत एक पोरगी मेंदीचा हात सुकवत होती.
मी एवढंच म्हटलं, सावकाश जा.

म्हणजे अ.
दीडशे रुपयांत मी त्यांना अ विकला.

पुढे काय झालं मला माहीत नाही.
काही झालं असतं तर कळलं असतं, सायमा म्हणते.
पण तो आठवडाभर मी पेपर
भजी बांधून आला तरी उलगडला नाही.

घड्याळात नऊ. आठ.
शेजारच्या पडद्यावरचा मुलगा माझ्याकडे बघायला लागला.
तीन उरले तेव्हा क दाबला.

बारा आले. साहेब म्हणाले, मावशी, पास.
चुकलेले तीन कोणते ते विचारायचं राहिलं.

परतीच्या बसमध्ये चढायच्या आधी
पदर खोचून मागच्या चाकाशी वाकले,
रुपया काढून खाचेत उभा धरला.
कंडक्टर म्हणाला, "काय मावशी, पैसा पडला का?"
हो म्हटलं,
आणि चारही चाकं बघून होईपर्यंत
शोधत राहिले.