मार्चअखेर

सॅम्युअल नोटा मोजायचा, मी बाळं.
नाशिक रोडला दोघांचीही पाळी सकाळी सातची.
प्रेसचा भोंगा झाला की
आमच्या वॉर्डातली रात्रीची पोरं दचकून उठत.

तिकडे प्रत्येक नोटेला नंबर,
एकदा छापला की पुन्हा नाही.
माझ्याकडे मनगटाला दोऱ्याने बांधलेला बिल्ला,
एक जानेवारीला परत एकपासून.
सुटताना गेटवर त्याचे खिसे तपासत.
माझे कुणी तपासले नाहीत,
नाहीतर सापडली असती
न रडलेल्यांची यादी.

शरणपूरला आम्ही नऊ भावंडं.
बाप मिशनच्या बागेत माळी.
म्हातारपणी तो वाटून राहिला:
नऊ घरं, प्रत्येकाकडे चाळीस दिवस,
उरलेले पाच नाताळचे, ते देवाचे.
आम्ही हसायचो.
ती त्याची पेन्शन होती.

सॅम्युअल कायम झाला त्याच महिन्यात
मी म्हटलं, दोन पुरेत.
मला वाटलं, शहाणी आहे म्हणून म्हटलं.
खरं तर फंड कापायला लागला होता.

मार्च आला की साहेबांचा निरोप.
जशी बँकेची वसुली तशी आमची:
बावीस ऑपरेशनं कमी आहेत, सिस्टर.
जीप, पोस्टर, पाकिटात रोख रक्कम.
सुरगाण्याकडे, बोरगावच्याही पुढे,
येसू भोयेने मला नागलीची भाकर दिली
आणि तांबीला नको म्हणाली.
पोस्टरवरच्या चौघांकडे बघत राहिली.
"यातलं एक गेलं, मग?"
मी गप्प.
"मग काय, दुसरं छापता?"
पाच झाली होती तिला. दोन मातीत,
तीन दिंडोरीला द्राक्षं खुडायला.
मी फॉर्मवर कारण लिहिलं: अज्ञान.
तिचा हिशेब माझ्याहून पक्का होता,
फक्त पासबुक नव्हतं.

रिटायर होऊन पंधरा वर्षं झाली.
करुणा गंगापूर रोडला, अकराव्या मजल्यावर.
एक खोली फिकट पिवळी रंगवून ठेवली आहे,
तिच्यात सध्या इस्त्रीचं टेबल.
आधी कर्ज फिटू दे म्हणाली, मग प्रमोशन,
मग शरीरच म्हणालं, आता मी नाही.
कॉलेज रोडच्या सेंटरला ही तिसरी खेप.
दरपत्रक काचेखाली आहे, फुलांच्या चौकटीत.
मी आयुष्यभर बायकांना थांब म्हणाले,
सरकारने त्याचा पगार दिला.
माझी लेक ये म्हणायला पैसे मोजते
आणि कुणी येत नाही.

परवा बाजारात मेथी निवडताना हाक आली, सिस्टर?
येसूची नात. अंबडला कंपनीत, ठेकेदाराकडे.
कडेवर एक.
"एकच?"
तोंडातून निघून गेलं. जीभ उलटी फिरलीय माझी.
ती हसली. खोलीचं भाडं साडेचार हजार,
शाळेची व्हॅन, शिवाय ओव्हरटाइम बुडतो.
करुणाचीच वाक्यं,
आकड्यांमागची दोन शून्यं तेवढी गळलेली.
तिला कुणीही पोस्टर दाखवलं नव्हतं.
मी इतकी वर्षं जीपमधून काय वाटत फिरले?

आजी कशी आहे, विचारलं.
"बरी आहे. तीन घरी, चार चार महिने."

रात्री कॅलेंडर काढून बसले.
दोन मुलं. त्यातला एक मेलबर्नला.
भागाकार जमला नाही, तसाच सोडला.

सॅम्युअलच्या मागे अर्धी पेन्शन मिळते.
एक तारखेला सकाळी मोबाइल वाजतो,
न चुकता.
मी पदर सारखा करते,
दारात कुणी आल्यासारखा.