झटकून

आईच्या फाईलवर नाव चुकलंय :
पंचफुलाच्या जागी पंचशीला.
ती म्हणते, राहू दे,
दुखणं तरी दुसरीच्या नावावर जाईल.

मेडिकलमध्ये डॉक्टर वैरागडे
कागदाच्या पाठकोऱ्या बाजूला फुप्फुस काढतात,
वांग्यासारखं, आणि त्याभोवती आणखी एक रेघ.
"रोग या सालीत आहे. गरात नाही."
आई मान डोलावते.
वांगी तिनं जन्मभर चिरली.

त्याआधी एकदा पाणी काढलं होतं,
दीड लिटर, काळ्या चहाच्या रंगाचं.
त्या रात्री कित्येक महिन्यांनी ती आडवी होऊन झोपली.
आम्हाला वाटलं, झालं.
आठ दिवसांत छाती पुन्हा भरली.
बाबा म्हणाले, "झिरा लागला वाटते."

"पॉवर हाऊसला, पत्र्याच्या कारखान्यात, कोणी होतं कामाला?"
बाबांनी हात वर केला, शाळेतल्यासारखा.
"मी. ठेकेदाराकडे. एकोणीस वर्षं
बॉयलरच्या पाइपाले पांढरी दोरी गुंडाळली.
हिनं तं फाटकबी नाई पाह्यलं."

"कपडे कोण धूत होतं?"

बाबांचा हात खाली यायला वेळ लागला.

सांदवाडीतली संध्याकाळ, कोणतीही :
बाबा कुडाला सायकल टेकवतात, खाकी ड्रेस उतरवतात,
आई तो दोन्ही हातांत धरून फट् फट् झटकते,
तिरप्या उन्हात पिठासारखं काही चमकत खाली येतं
आणि मी त्याखाली नाचते.
हे मी डॉक्टरांना सांगितलं नाही.

मग उपाय.
ऑपरेशन, म्हणजे सालच काढायची.
तिचं वय सदुसष्ट, हृदय अर्ध्या ताकदीचं;
लिहिलं आणि त्यांनीच खोडलं.
केमो, दर एकवीस दिवसांनी,
आठवडाभर आधीपासून फॉलिकच्या गोळ्या, दंडात व्हिटॅमिनची सुई.
"रोग जाणार नाही. काही महिने मिळतील."
"किती?"
"आकडा आहे माझ्याकडे. पण तो हजार माणसांचा आहे,
तुमच्या आईचा नाही."
एक नवं इंजेक्शन, शरीरातल्या पहारेकऱ्यांना जागं करणारं.
किंमत ऐकून बाबांनी टोपी काढली, परत घातली.
दुखण्यासाठी मॉर्फिन,
"घाबरू नका, याला शेवट समजायचं नाही."
आणि पाणी पुन्हा साचू नये म्हणून
नळीतून पावडर सोडायची, दोन पडदे चिकटतात.

"पावडर?" आई पहिल्यांदाच बोलली. "पांढरी?"
"हो."
ती हसली, खोकला येईपर्यंत हसली.
"अजून पांढरीच का गा, डॉक्टर!"

पण फोटोत फुप्फुस पुरतं फुगत नव्हतं,
पावडर धरणार नव्हती.
राहिली एक बारीक नळी, बरगडीतून कायमची,
घरच्या घरी बाटलीत पाणी काढायला.
"थे दे," आई म्हणाली. "घरी नेतो.
केमोचे दोन घेऊन पाहातो. मंग इचार करू."
एसटीत ती खिडकीशी बसली
आणि कोणाच्या वावरात तूर कशी आहे ते
प्रत्येक वळणावर सांगत राहिली.

आता सोमवारी, गुरुवारी
बाबा साबणाने कोपरापर्यंत हात धुतात,
नर्सने दाखवलं तसं, बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा.
बाटली जोडतात. चिमटा उघडतात.
"दुखते का?"
"हळू सोड. ड्युटीवर जायाचं हाय का तुले?"

मग हापशीवर तिचं लुगडं धुतात.
पिळतात, दोन्ही हातांत धरतात,
हात सवयीने वर जातात
आणि तिथेच थांबतात.
लुगडं तसंच, न झटकता, तारेवर जातं.
निथळत राहतं.
वाळायला दुसरा दिवस उजाडतो.