वाऱ्याखालून

एकोणीस वर्षं मी त्याची बॅग वाहिली.
डावा खांदा अजून दोन बोटं खाली आहे.
शिंपी माप घेताना विचारतो, अपघात?
मी म्हणतो, हो. निकानोर ओयार्सून.

रिओ गायेगोसचा. तिकडे झाडंसुद्धा
कुणीतरी मागून ढकलल्यासारखी उभी असतात.
बाप मेंढ्या कातरायचा. पोरगा डावखुरा.
कत्तलखान्यामागे नऊ होलचं मैदान होतं,
तिथे त्याला सात नंबरचं आयर्न सापडलं,
कुण्या साहेबानं रागानं भिरकावलेलं.
ते उजव्या हाताचं होतं.
दुसरं मिळेपर्यंत थांबावं
इतकी सवड त्या घरात कुणालाच नव्हती.
तर तो उजवा झाला.

त्या एका काठीनं सगळं करायचा:
तोंड मिटवून लांबचा फटका,
तोंड उघडून वाळूतली उचल,
आणि ग्रीनवर तिच्या धारेनं
चेंडूच्या पोटात हलकी कोपरखळी.
पुढे चौदा काठ्या आल्या,
तेव्हा तेरा जणी बॅगेत
पाहुण्यांसारख्या बसून राहायच्या.

फटका दिसायला ओंगळ.
टीव्हीवरचे म्हणायचे, याचं दार अडकलंय
आणि हा खांद्यानं ढकलतोय.
हात कमरेच्या वर जायचेच नाहीत.
पण कुंपणाखालून मांजर निसटावी
तसा चेंडू वाऱ्याखालून निसटायचा,
जमिनीला लागायचा आणि धावत सुटायचा.
बाकीच्यांचे तोवर वर हवेत
पत्ता विचारत असायचे.

मारल्यावर तो बघायचा नाही.
मान खाली, कान उभे.
आवाज पटला की काठी माझ्या हातात.
नाही पटला, तर स्वतःच पुसत बसायचा,
फार वेळ.

ब्राझीलमध्ये दोनदा जिंकला, पेरूत एकदा.
चिलीतल्या बक्षिसाचा चेक वटलाच नाही.
सहा वेळा दुसरा.
"दुसऱ्याला भाषण करावं लागत नाही," म्हणायचा,
आणि लॉजवरच्या टॉवेलवर पुट मारायचा
रात्री दोनपर्यंत, टक, टक.
मी उशी कानावर घेऊन.

मग स्कॉटलंड. तो एकच आठवडा.
तीन दिवस समुद्रावरून असं सुटलं होतं
की भल्याभल्यांच्या टोप्या बटाट्याच्या शेतात गेल्या.
निकानोर मात्र घरी होता.
अडुसष्ट, एकोणसत्तर, सदुसष्ट.
खानावळीच्या मिसेस गिलख्रिस्टनं
न विचारता एकेक अंडं जास्त वाढलं.

चौथ्या पहाटे मला जाग आली
ती शांततेनं.
तावदानं वाजत नव्हती.
समोरच्या धुराड्याचा धूर ओळंब्यात सरळ.
तो बूट घालून खाटेवर बसला होता.
"एवारिस्तो," म्हणाला, "पडला."
कुणी गेल्याचं कळवावं तसं.

फटके त्या दिवशीही तेच होते.
खांदा टेकायचा ते दारच कुणी काढून नेलं होतं.
चेंडू ग्रीन ओलांडून पलीकडच्या गवतात,
आणि कालची रडवेली पोरं
उंचावरून अलगद टाकत होती, कापसासारखे.
बाराव्या होलवर त्यानं मला विचारलं, किती?
चौदा वर्षांत पहिल्यांदा.
मी अंतर सांगितलं.
अंतर बरोबर होतं.

अठ्ठ्याहत्तर. नववा आला.

पुढची पाच वर्षं सांगण्यासारखी नाहीत.
आता तो तिकडेच, त्या नऊ होलचं गवत कापतो,
गवत थोडं, वारा फार.
मी कोर्दोबात, मुलीकडे,
जिथे उन्हाळ्यात पान हलत नाही.
कधीतरी रात्री फोन येतो.
पलीकडे कुणी बोलत नाही,
त्यानं रिसीव्हर खिडकीबाहेर धरलेला असतो.
माते निवेपर्यंत मी ऐकतो,
मान खाली घालून.
मग म्हणतो, "डावीकडून आहे. सहा नंबर घे."
थोडा वेळ नुसता वारा.
मग तो जवळ येऊन म्हणतो,
"सातच."