दहातले किती

परकार सिस्टरने विचारलं,
शून्य ते दहा, किती दुखतंय?
मी म्हटलं, दोन.

हर्णैच्या बाजारात
मी कधी पहिला भाव खाली सांगितला नाही.
सुरमईला बाराशे म्हणायचं, नऊशेला सोडायची.
गिऱ्हाईक पाठ फिरवतं, फिरवू द्यायची,
चार पावलांवरून परत येतं.
आणि इथे चिपळुणात, पाय टांगलेले, उताणी,
पहिल्याच बोलीला
दोन.

भूल देणारे डॉक्टर परशुराम घाटात अडकलेले.
परवा रात्री साडेनवाला पोटात सुई घेतलेली,
तिथून छत्तीस तास.
वेळ टळली की बीजं सुटतात आपसूक,
सुकतीचं पाणी थांबतं का कोणासाठी?
म्हणून हलकंच काहीतरी शिरेत सोडलं
आणि मॅडम म्हणाल्या, थोडं टोचेल हां.

डावीकडचं निभावलं.
पलीकडच्या खोलीतून बाई मोजत होती,
एक. दोन. तीन.
मी छताच्या पंख्याची पाती मोजत होते.
मग उजवीकडे,
कालवाच्या फटीत कोयतीचं टोक घालून
मनगट फिरवावं, तसं.

किती गाबोळ्या काढल्या या हातांनी,
अख्ख्या, पडदा न फाटता,
वर म्हटलं, भरलेली आहे ताई, बघा तर.
मासा तेव्हा मेलेला असतो.
हे मला त्या टेबलावर सुचलं
आणि हसू आलं, आणि हसताना अजून दुखलं.

पुन्हा विचारलं, किती?
दोनच.
मला वाटत होतं, खरं सांगितलं तर थांबतील,
थांबले तर राहिलेली जातील,
मागच्या वेळी चारच मिळाली होती,
पतपेढीचे हप्ते तेवढे चालू राहिले.
आणि दुखतं म्हणणारीला आमच्या आळीत
काचेची बाहुली म्हणतात.

सिस्टर वाकली कानाशी.
माझी बोटं मोडायला आलीत गं तुझ्या मुठीत,
आणि दोन म्हणतेस?
डाभोळची आहे मी, भाव मलाही कळतो.

आठ, म्हटलं.
मग, नाही, नऊ.

काही कोसळलं नाही.
मॅडमचा हात थांबला.
सुई बाहेर.
शिरेतून दुसरं औषध, थंड, कोपरापर्यंत कळलं मला,
बर्फाच्या पेटीत हात घातल्यासारखं.
पुढचं आठवत नाही.
जाग आली तेव्हा अकरा म्हणाले,
मला आधी वाटलं दुखण्याचेच अकरा.

हरेश्वरने टेम्पो आणलेला, मागे रिकामे क्रेट,
कधी नव्हे ते सत्तर किलोमीटर वीसच्या वेगाने.
प्रत्येक खड्ड्याला विचारायचा, किती?
खेडला तीन.
दापोलीच्या अलीकडे, वळणावर, सहा,
आणि एक शिवी.
मागचे हॉर्न मारत राहिले.

आसूद ओलांडल्यावर पुन्हा, किती?
चार.
त्याने टेम्पो कडेला घेतला, इंजिन बंद केलं.
बोललो नाही आम्ही.
खाली कोणीतरी बंब पेटवला होता, धूर येत होता.
तीन झाल्यावर
मी सांगितलं, आणि मग निघालो.